पुलावाच्या पंगतीतला प्रबंध

आमच्या कोकंद गावात शे-दोनशे पुरुष एकत्र जमूनही गप्प बसलेत, हे दृश्य एकाच ठिकाणी दिसतं: लग्नाच्या दिवशी पहाटे वाढतात त्या पुलावाच्या पंगतीला, आणि तेही हाफिज गात असेपर्यंतच. हाफिज म्हणजे जुन्या चालीचा गवई. तो गाऊ लागला की आमचे म्हातारे चमचासुद्धा वाजू देत नाहीत.

ही शांतता तोलिब दोमलांनी हेरली. दोमला म्हणजे मास्तर; हे शेतकी कॉलेजात शिकवत. कापसावर पडणाऱ्या मावा किडीवर त्यांचा प्रबंध इतकी वर्षं चालला होता, की तेवढ्यात माव्याच्या कैक पिढ्या सुखाने जगून मेल्या. हाफिजाचं गाणं कानावर पडल्याशिवाय त्यांना एक ओळ सुचत नसे. घरी टेप लावावी, तर बायको ओयदिन म्हणे, "ते रडगाणं बंद करा, माझी मालिका लागलीय." कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकावं, तर दोमला घोरायला लागत. शेवटी ते कागद बगलेत मारून सरळ लग्नांना जाऊ लागले. कुणाच्याही. मुलीकडच्यांना वाटे मुलाकडचे, मुलाकडच्यांना वाटे मुलीकडचे. सूर खालचा असला की दोमला आकडे तपासत, चढू लागला की लेखणी धावे, आणि गाणं शिखराला पोचलं की निष्कर्ष! एका हाफिजाचा घसा बसला होता त्या दिवशीचं प्रकरण अजूनही वाचवत नाही.

यंदा मात्र गळ्याशी आलं. डीननी बजावलं, "शुक्रवारपर्यंत शेवटचं प्रकरण द्या, नाहीतर तुमची जागा माझ्या जावयाला." जावयाला मावा आणि मुंगी यांतला फरक कळत नव्हता, पण तो जावई होता.

गुरुवारी गनिजान पीठवाल्याच्या मुलाचं लग्न निघालं. लग्नात किती पाहुणे असावेत याचा सरकारी नियम आहे, मोजायला माणसंही येतात. तरी गनिजानने अर्धं गाव बोलावलं होतं. मी दोमलांच्या शेजारीच होतो. गनिजान चहा ओतायला वाकला आणि त्याची नजर कागदावर पडली. वर आकड्यांची रांग, खाली ओळ: 'जागेच्या मानाने संख्या अफाट. खाद्य भरपूर. तातडीने बंदोबस्त आवश्यक.'

"मोजणारा आलाय!" तो कुजबुजला. मागच्या दाराने पाहुणे पाझरू लागले. गनिजानने खूण केली आणि हाफिज थांबला, शिखराच्या एक पायरी खाली. दोमलांची लेखणी वाक्याच्या मध्यात उभी.

"कुणी थांबवलं?" दोमला ओरडले.

"साहेब, जास्तीचे सगळे घरचेच आहेत," गनिजान छातीवर हात ठेवून म्हणाला. "गवईसुद्धा नात्यातला, फुकट आलाय."

"फुकट?" हाफिज उसळला. "कोण फुकट?"

"अहो, मला तेवढं शिखर द्या! नाहीतर नोकरी जाईल माझी!" दोमला कळवळले.

गनिजान माझ्या कानाशी आला. "हा लाच मागतोय, की नको म्हणतोय?"

मला राहवेना. "गनिजान-अका, हे किडे मोजतात. कापसावरचे."

गनिजानने कागद पुन्हा वाचला. चेहऱ्यावर रंग परतला, पाठोपाठ राग. "मग माझ्या मुलाच्या लग्नात काय करताय? मुलाकडचे का मुलीकडचे?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता.

"गाण्याकडचा," दोमला म्हणाले.

गनिजानने त्यांना दार दाखवायला हात उचलला होता, तेवढ्यात हाफिज म्हणाला, "बसू दे रे त्यांना. चाळीस वर्षं गातोय, गाण्याकडचा हा एकच भेटला. बाकी सगळे पुलावाकडचे." आणि त्याने दुतारीवर बोटं टाकली. सूर चढला, म्हाताऱ्यांच्या माना डोलल्या, आणि मावा कायमचा संपला.

शुक्रवारी प्रकरण पोचलं. जागा राहिली, जावई राहिला बाजूला.

आता दोमलांना रीतसर आमंत्रणं येतात. "कागद आणाच, दोमला. दाराशी बसा, आणि जरा मोठ्याने मोजा." ते मोजू लागले की निम्मे आगंतुक आल्या पावली परततात आणि पुलाव पुरतो. गावाला मावा किडीत एवढा रस वाटतोय, याचं दोमलांना फार कौतुक आहे.