रिकाम्या जागेतले पास

हे मी आईला सांगितलेलं नाही, खोलीवरच्या सोबत्याला सांगितलेलं नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्याला तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून तुम्हाला सांगतोय. ओळखीच्या माणसासमोर शब्द फुटत नाहीत — निदान माझे तरी.

मी रत्नागिरीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. माझे वडील, आबा, दुसऱ्याच्या आंब्याच्या बागेत राखणीला असतात. हे आज मी सरळ लिहून टाकलं. पहिल्या वर्षाला असताना लिहू शकलो असतो का? नसतो. खरं म्हणजे तिथूनच सुरुवात करायला हवी — पण थांबा, आधी दिगूबद्दल सांगतो.

दिगू मिरकरवाड्याचा. त्याचे वडील मच्छीमार बोटीवर तांडेल, सगळी बोट त्यांच्या हुकमावर चालायची. कॉलेजच्या फुटबॉल टीममध्ये तो मैदानाच्या मध्यावर, हाफला खेळायचा आणि मी पुढे, उजव्या कडेला. आमचं मैदान जांभ्या दगडाचं. त्याच्यावर चेंडू ठरत नाही, नुसता घसरत जातो. पण दिगूने मारलेला चेंडू त्याला हवा तिथेच जायचा. तो मी असेन तिथे पास द्यायचा नाही, मी पोचणार असेन तिथे द्यायचा. त्यासाठी आमची एक खूण होती. ओहोटीच्या वेळी भाट्याच्या पुळणीवर, ओल्या वाळूत, आम्ही दोघांनीच ती घोटून घोटून बसवली होती. चेंडू घेऊन तो माझ्याकडे पाठ करायचा. त्याने पाठ केली की मी सुटायचं. समोरच्यांना वाटायचं, हा आता डावीकडे देणार — तोवर त्याने टाचेने चेंडू मागच्या मागे उजव्या कोपऱ्याकडे लोटलेला असायचा, आणि मी तिथे हजर. गोल माझ्या नावावर लागायचे. शाबासकी मला मिळायची. त्यात माझं काय होतं? पाय. बाकी सगळं दिगूचं.

मग मी त्याचा सूड का घेतला?

एका शनिवारी प्रॅक्टिस चालू असताना आबा आले. गावाहून तांदूळ आणि आंबोशी घेऊन, एसटीने. मी खोलीवर सापडलो नाही म्हणून विचारत विचारत मैदानापर्यंत आले. आबा एकदा आंबे काढताना झाडावरून पडले होते, तेव्हापासून उजवा पाय अर्धा गोल फिरवून टाकतात. मी त्यांना लांबूनच पाहिलं, धावत गेलो, डोक्यावरचं गाठोडं घेतलं आणि अभ्यास आहे, मॅच आहे, असं काहीबाही सांगून त्यांना परत पाठवलं. पाणीसुद्धा विचारलं नाही. परत आलो तेव्हा कुणीतरी विचारलं, कोण रे हा? मी म्हणालो, आमच्याकडचा गडी आहे, बागेतला.

आमच्याकडचा गडी. आमच्याकडे कुठली बाग आणि कुठला गडी?

दिगूला नकला छान यायच्या. शरीर त्याचं ऐकायचं ना — खेळात ऐकायचं तसंच नकलेतही. त्याने पायाशी चेंडू घेतला आणि उजवा पाय अर्धा गोल फिरवत, कमरेत वाकून, डोक्यावर नसलेलं गाठोडं सावरत चालायला लागला. हुबेहूब आबा. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो — सगळ्यांहून मोठ्याने, कारण न हसणं म्हणजे सांगून टाकणं होतं. तो आवाज ऐकून फाटकाशी गेलेले आबा मागे वळले. पोरं मजेत आहेत असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मला हात हलवून दाखवला आणि ते गेले.

दिगूला माहीत नव्हतं. हे मी तेव्हाही जाणत होतो. चूक कुणाची होती हेही जाणत होतो. पण स्वतःवर किती दिवस रागावणार? तो राग कुठेतरी ठेवायला जागा हवी होती, आणि मी तो दिगूवर ठेवला. त्याच्याशी बोलणं सोडलं नाही. उलट जास्तच गोड बोलू लागलो. मनात मात्र एकच — तुलाही असंच सगळ्यांसमोर वाकवीन. आणि तू कुणामुळे वाकलास, ते तुला कळणारसुद्धा नाही.

संधी पुढच्या वर्षी आली. मुंबईच्या एका मोठ्या क्लबच्या ट्रेनरने दिगूबद्दल कुणाकडून तरी ऐकलं होतं. ते त्याला बघायला येणार होते. पसंत पडला तर क्लबच्या ज्युनियर टीममध्ये घेणार. राहणं, खाणं, रोजचा सराव, आणि चमकला तर पुढे नोकरीही. आमच्या खेळाच्या सरांनी सांगितलं, असा हाफ या जिल्ह्यात पुन्हा व्हायचा नाही. मॅच दापोलीहून आलेल्या टीमशी होती. आदल्या दिवशी दिगू मला म्हणाला, "शांत्या, तू फक्त धाव. बाकीचा माझ्यावर सोड."

मी धावलो. अगदी उभा राहिलो असतो तर कुणीही ओळखलं असतं. मी फक्त उशिरा सुटत होतो. त्याने पाठ केली की एक श्वास थांबायचं आणि मग जीव तोडून पळायचं. चेंडू कोपऱ्याकडे जायचा, तिथे कुणी नसायचं, आणि मी मागून धापा टाकत पोचेपर्यंत तो रेषेबाहेर गेलेला असायचा. लोकांना काय दिसत होतं? हा पोरगा चेंडू रिकाम्या जागी मारतोय आणि तो दुसरा बिचारा त्याच्यामागे पळून पळून मरतोय. बघणाऱ्यांत हशा पिकू लागला. तो हशा ऐकून मला कसं वाटलं, सांगू? गोड वाटलं. उन्हातून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं.

तो दुसऱ्या कुणाला पास देऊ शकला असता. पण शेवटपर्यंत तो माझ्याकडे पाठ करत राहिला.

ट्रेनर आमच्या सरांना म्हणाले म्हणे, पायात जादू आहे, पण डोक्याने खेळत नाही.

इथपर्यंतच असतं तर — नाही, इथपर्यंतही काही कमी नव्हतं. पण मला सांगायचंय ते याच्यापुढचं आहे.

दिवेलागणीला दिगू माझ्या खोलीवर आला. सायकलच्या कॅरियरला पोतं बांधलेलं, त्यातून पाणी ठिबकत होतं. मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यातून त्याने माझ्यासाठी बर्फ आणला होता. पायरीवर माझ्यासमोर उकिडवा बसला, पोतं सोडलं, बर्फ पंच्यात गुंडाळला आणि माझी पोटरी चाचपायला लागला.

"खय दुखतंय? मघापास्नं बघतोय, तुझा पाय उचलत नव्हता. बोलायचास ना रे आधी."

त्याने बर्फ पोटरीवर दाबून धरला आणि म्हणाला, "ते साहेब अजून रेस्ट हाऊसला हायत, सकाळच्या गाडीने जाणार. चल माझ्यासंगती. तू नुसता सांग, पाय दुखत होता म्हणून. ते परत बघतील मला."

केवढं सोपं होतं. एक खोटं, तेही त्यानेच तयार करून हातात दिलेलं. मी नुसतं हो म्हणायचं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला तो मैदानावर पाय अर्धा गोल फिरवताना दिसला.

"पाय ठीक आहे माझा," मी म्हणालो. "तुझेच पास चुकत होते आज."

तो बघत राहिला. "सगळे?"

"सगळे."

त्याने भांडायला हवं होतं. शिवी द्यायला हवी होती. पण त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. पंचा पायरीवर ठेवून तो सायकल हातात धरून चालत गेला. बसलासुद्धा नाही तिच्यावर.

त्यानंतर त्याने पाठ फिरवणं सोडलं. चेंडू मिळाला की आधी मान वर करून माझ्याकडे बघायचा, नीट खात्री करायचा आणि मग सरळ माझ्या पायात द्यायचा. तसा पास कुणीही देतं. समोरच्यांना तो आधीच कळायचा. सरांनी त्याला बाहेर बसवलं. मग त्याने कॉलेज सोडलं. आता वडिलांच्या बोटीवर जातो. मासळीच्या लिलावाच्या वेळी बंदरावर दिसला तर मला हात करतो, आणि खोटं कशाला बोलू — अजूनही क्षणभर मला राग येतो त्याचा. तेव्हाइतकाच. पुसलाच जात नाही.

आबांनाही मी काही सांगितलेलं नाही. तू अजून ते बॉल खेळतोस का, असं ते मध्येच विचारतात.

दिगूचा अंदाज त्या दिवशी एकदाही चुकला नव्हता. माझा पाय ठीक होता. त्याचे पास बरोबर होते. सगळे.