खणीतला लाल पट्टा

"आधी हात लावा, मग बोला." आमच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांचं हे वाक्य ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडायची. कारण हात लावायची वस्तू वर्गात कधीच नसायची. ती असायची पन्हाळ्याच्या रस्त्याला, दगड काढून सोडून दिलेल्या एका जुन्या खणीत.

नव्वदच्या दशकात मी त्या शाळेत पर्यवेक्षिका होते. दिवाळीची सुट्टी संपली की सर नववीचा वर्ग घेऊन तिकडे निघायचे आणि मागचं निस्तरायला मी. कुणाची पँट फाटायची, कुणाची चप्पल खणीत साचलेल्या पाण्यात जायची. एकदा खणीत डुंबणाऱ्या म्हशी नेमक्या पोरांच्या रांगेतून बाहेर आल्या आणि अख्खा वर्ग चिखलानं माखून परतला. तुम्हालाही असा एखादा सहकारी भेटला असेल. त्याच्यावर रागवायला जावं, तर तो आपल्यालाच समजावत बसतो.

त्या खणीच्या भिंतीत काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये वीतभर लाल मातीचा पट्टा होता. एक लाव्हा थंड झाला, त्याची वरवर माती झाली, मग तिच्यावर दुसरा लाव्हा आला आणि ती भाजून निघाली, असं सर सांगायचे. इथवर ठीक. पण ते पोरांना त्या मातीचा खडा जिभेला लावायला सांगायचे. चिकटला तर माती, नाही तर दगड. दुसऱ्या दिवशी पालक माझ्या टेबलापुढं हजर. शाळेत डबा खायला वेळ देत नाही का, असं एका आईनं मला विचारलं. मी सरांना बोलावून चांगलंच सुनावलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, तुमी एकदा लावून बघा की. जीभ सोडत न्हाय." मी हात जोडले.

पुढं ती जागा मंगल कार्यालयासाठी विकली गेली आणि खण बुजवायला डंपर लागले. निदान तेवढी भिंत ठेवा, असं सांगायला सर नव्या मालकाकडे गेले. मालकानं चहा पाजून वाटेला लावलं. मग एके दिवशी मधल्या सुट्टीत, कुणालाही न विचारता, सरांनी वर्ग उचलला. मी रिक्षा करून मागं धावले.

काठावर राडारोड्यानं भरलेला डंपर हॉर्न वाजवत होता. खाली पोरं एकेक करून पट्ट्याला हात लावत पुढं सरकत होती. सरांनी ड्रायव्हरलाही बोलावलं, "पावणं, खाली या. तुमी पन बघा." तो पुटपुटत उतरला आणि हात लावून ओशाळल्यासारखा हसला. पोरं वर आल्यावर त्यानं गाडी रिकामी केली. पट्टा दिसेनासा झाला तरी सर हलेनात. शेवटी मीच त्यांना दंडाला धरून मागं आणलं.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर सहलीसाठी ते माझ्याकडे आलेच नाहीत. वाट बघून मीच स्टाफरूममध्ये गेले. दुसरी खण शोधा की, जिल्ह्यात खणींचा दुष्काळ पडलाय का, असं मी जवळजवळ ओरडलेच. मला त्यांचा इतका राग कधीच आला नव्हता. ते म्हणाले, "दगड लई हाईत, बाई. पर त्यो पट्टा न्हाय."

दुपारी त्यांच्या वर्गावरून जाताना मी थांबले. सर फळ्यावर खडूनं तीन थर काढत होते आणि पोरं वहीत उतरवून घेत होती. एका पोरीनं विचारलं, "सर, हे खरंच कुठं दिसतं का?"

सरांनी मधला थर खडूनं पुन्हा गिरवला.

"दिसायचं," ते म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान उघडायला सांगितलं.