झोयाचा रिव्हर्स गिअर

मागच्या मार्चमध्ये एके दिवशी मी माझ्या सहा महिन्यांच्या मुलीला घरात कोंडलं आणि स्वतः बाहेर राहिलो. हे मी मुद्दाम केलं नव्हतं, असं मी तेव्हापासून आलापल्लीत भेटेल त्याला सांगत असतो. लोक मान डोलावतात. पण डोलावताना हसतात!

मी सलीम, चंद्रपुरातला लेडीज टेलर. बायको रुबिना वनरक्षक. तिची बाळंतपणाची रजा संपली आणि नेमणूक आली आलापल्लीला, तीही वणव्याच्या दिवसांत! मार्च लागला की सागाची पानं खाली पडून पापडासारखी वाळतात, कुठेतरी धूर निघतो आणि वनरक्षकाला घरदार विसरावं लागतं. अम्मी म्हणाली, "पोरीला माझ्याकडे ठेव." रुबिनाने साफ नाही म्हटलं. मग मीच दुकानाचं शटर खाली केलं, शिलाई मशीन टेम्पोत चढवली आणि झोयाला घेऊन वनखात्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आलो. रुबिना सकाळी सहाला जायची, दुपारी पोरीला पाजायला यायची आणि पुन्हा जायची. उरलेला दिवस माझा आणि झोयाचा.

दहा वर्षं मी बायकांशी बोलून पोट भरलं. "भाऊ, गळा मोठा नको", "भाऊ, फिटिंग बरोबर नाई" ऐकत ऐकत चार ब्लाउज शिवून व्हायचे. आणि इथे? मी लंगोटांची बादली घेऊन नळावर गेलो की बायकांचं चालू बोलणं मधूनच तुटायचं. अगदी अर्ध्या शब्दावर! मी खाली मान घालून लंगोट पिळायचो. शेवटी कोणीतरी दया यावी तसं विचारायचं, "मॅडम नाई का घरी?"

"ड्युटीवर आहे."

"अच्छा."

झालं. माझं दिवसभराचं बोलणं एवढंच. (रविवारी एक शब्द जास्त: "आज घरी आहे.") पुरुष सगळे जंगलात. फोनला रेंज नाल्यावरच्या पुलियावर गेल्याशिवाय नाही. त्यामुळे मी झोयाशीच बोलायचो. अस्तराचे भाव, अम्मीचे गुडघे, सगळं तिला सांगायचो. ती मन लावून ऐकायची, तोंडातून बुडबुडा काढायची आणि म्हणायची, "ब्बा." मी म्हणायचो, "बरोबर बोललीस."

सहा महिन्यांची पोरगी म्हणजे काय चीज असते ते मला ठाऊक नव्हतं. हाताला लागेल ते ओढायचं आणि तोंडात घालायचं. चमचा, टेप, माझं नाक. उशीला टेकवून बसवलं की बसायची, मग पिकलेल्या फणसासारखी एका बाजूला कलंडायची. पोटावर वळायची आणि तिथेच अडकायची. पुढे जायला हात मारायची, पोहल्यासारखे पाय झाडायची, पण जागची हलायची नाही. मी रोज समोर खुळखुळा घेऊन पालथा पडायचो. "ये झोया, ये!" ती माझ्याकडे बघायची आणि मीच सरकावं अशी वाट पाहायची.

पण हसायची मात्र काय! तोंडावर रुमाल घेऊन "कुक्कू" म्हटलं आणि काढून "भॉक!" केलं, की असं खळखळून हसायची की वाटायचं, चला, आजचा दिवस निघाला. दिवसात दुसरं कोणी हसतच नव्हतं ना! त्या हसण्याची मला चटक लागली. पण चार दिवसांत रुमालाचं तिला काही वाटेना. मग मी पडद्यामागे गेलो. पडदाही जुना झाला. मग दाराआड लपून फटीतून "भॉक!" ते आठवडाभर चाललं. त्यानंतर मला वाटलं, आता पूर्ण बाहेर जाऊन दार लावून घ्यावं आणि एकदम उघडावं. मोठा शो!

आता त्या दाराबद्दल. दाराला आतून लोखंडी पट्टीची कडी होती. वर केली की उभी राहायची, पाडली की चौकटीच्या खाचेत बसायची. गंजली होती म्हणून जिथे ठेवाल तिथे चिकटून राहायची. पण मी रिकामा माणूस! आदल्याच दिवशी मी त्या कडीला मशीनचं तेल घातलं होतं. अशी गुळगुळीत केली होती की फुंकर मारली तरी पडेल.

मी बाहेर आलो. "कुक्कूऽऽ" म्हणत दार धाडकन ओढलं. आतून आवाज आला, "खट्."

मी दार ढकललं. दार हललं नाही.

आतून झोया हसली.

मी खांदा मारला. तिला ते आणखी आवडलं. मी पळत दाराशेजारच्या खिडकीकडे गेलो. खिडकीला गज. हात आत गेला, पण कडी दोन हात लांब. झोया खोलीच्या मधोमध गोधडीवर पालथी, माझ्याकडे तोंड करून. आणि तिच्या मागे, समोरच्या भिंतीला, माझी मशीन. मशीनवर रुबिनाची वर्दीची पँट, तिचा एक पाय खाली जमिनीपर्यंत लोंबलेला आणि त्या पँटीवर टाचण्यांची उघडी डबी. पँट ओढली की डबी खाली. आणि डबी खाली आली की... झोया काय हाताला लागेल ते कुठे घालते, ते वर सांगितलंच आहे.

पण पोरगी मशीनपासून चांगली लांब होती आणि सरकायचं तिला येत नव्हतं. तेवढाच धीर. मी गजांतून तोंड घालून ओरडलो, "झोया! इकडे बघ! भॉक!"

ती हसली. माझ्याकडे यायचं म्हणून तिने दोन्ही हातांनी जमीन दाबली, जोर लावला आणि वीतभर मागे गेली.

मागे!

महिनाभर ज्याची वाट पाहिली ते पोरीने त्या दिवशी केलं, आणि तेही उलट्या दिशेने! मी घाबरून आणखी जोरात हाका मारल्या. ती आणखी खुश होऊन आणखी मागे. मग मी जे ओरडलो ते कोणत्या भाषेत होतं ते मला आठवत नाही, पण अंगणात मोहफुलं वाळत घालत असलेल्या बायका टोपल्या टाकून धावत आल्या.

पुढे होती शेजारची रैजीबाई, वनमजुराची म्हातारी आई. "काय झालं भाऊ? साप निघाला का?"

"पोरगी आत आहे, बाई! कडी पडली!"

"मंग रडून कायले राह्यला? पोरगी तं हसून राह्यली!" तिने खिडकीत तोंड घातलं आणि हातांच्या ओंजळीत चेहरा लपवून असा काही "भॉक!" केला की झोया किंचाळून हसली आणि हातभर मागे गेली.

"बाई, हसवू नका तिले! ती मांगं जाते!"

पण ऐकतं कोण! आठ-नऊ बायका, दोन पोरं, दूधवाला, सगळ्यांची तोंडं त्या एका खिडकीत. कोणी चुटक्या वाजवी, कोणी पातेलं. "ये वो माय, ये! इकडे ये!" आणि माझी पोरगी सगळ्यांकडे बघून हसत हसत मशीनकडे चाललेली, प्लॅटफॉर्मवरच्यांना टाटा करत गाडी सुटावी तशी. तिचा पाय पँटीला लागला.

"चूप!" मी ओरडलो. "कोणीच हसू नका! तोंडं पाडा!"

बारा जणांनी एकदम तोंडं पाडली. झोयाने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि तिला ती तोंडंच जास्त विनोदी वाटली.

तेव्हा वनिता, ड्रायव्हरची बायको, जी नळावर मला बघून सगळ्यांत आधी गप्प व्हायची, ती म्हणाली, "अहो भाऊ, ती ज्याले पाह्यते त्याच्यापासून मांगं जाते ना? मंग मांगच्या खिडकीतून हाका मारा की!" आणि साडी खोचून ती घराला वळसा घालून पळालीसुद्धा. मशीनच्या वरच्या खिडकीत तिचं तोंड उगवलं. "झोयाऽ! ए झोयाऽ! मी पाह्य कुठी हावो!"

तिला माझ्या पोरीचं नाव माहीत होतं. मी तर कोणाला सांगितलं नव्हतं; घरातल्या माझ्या गप्पा बाहेर ऐकू जात असणार.

झोया थबकली. पोटावरच गोल फिरली, घड्याळाच्या काट्यासारखी. वनिताकडे बघून हसली, हात दाबले, आणि निघाली रिव्हर्समध्ये, मशीनपासून लांब, आमच्याकडे! "आली, आली!" सगळे ओरडले. "सरकली पोरगी!" दूधवाल्याने शिट्टी मारली. मी गजांना धरून रडत होतो. पोरीचं पहिलं सरकणं दाखवायला घरात माणूस नाही म्हणून महिनाभर जीव तुटत होता, आणि ते बघायला आता एवढी माणसं!

तोवर रैजीबाईने घरून उलथनं आणलं होतं. तिने ते दाराच्या फटीत घातलं आणि वर केलं. तेलाची कडी, टकदिशी उठली. मी दार ढकललं. दार चार बोटं उघडलं आणि कशाला तरी टेकलं. मऊ कशाला तरी.

झोया दारालाच येऊन लागली होती!

"आता काऊन थांबला?" रैजीबाई म्हणाली.

"दारामांगं पोरगीच आहे!"

"अरे बाप्पा! वनिता, तू खाली बस वो! दिसू नको! चला रे, इकडच्या खिडकीतून हसवा तिले!" मग पुन्हा सगळी तोंडं पुढच्या खिडकीत, पुन्हा चुटक्या, पुन्हा पातेलं. झोया गोल फिरली, खिडकीकडे बघून हसली आणि मागे सरकली. अंगाएवढी फट होताच मी आत घुसलो, पायात गोधडी अडकून आडवा पडलो आणि पडल्या पडल्या तिला उचललं.

आणि ती रडायला लागली. एवढ्या वेळात पहिल्यांदा! खेळ मी मोडला होता ना.

त्याच वेळी रुबिनाची गाडी आली. आपल्या दारात गर्दी बघून ती गाडी स्टँडवर न लावताच धावली. गाडी धूळ उडवत आडवी. "काय झालं? बिबट घुसला का?"

"नाई मॅडम," दूधवाला म्हणाला, "भाऊंनी पोरीले कोंडलं."

रुबिनाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं ती सागाची चोरी करणाऱ्यांकडे पाहत असावी. मी टाचण्यांची डबी खिशात घातली आणि चहा ठेवायला गेलो. पाच कप, बारा माणसं. घोट घोट वाटून प्यायले सगळे, आणि घटकाभराने उठले. बोलणं कोणाचंच मधे तुटलं नाही.

पुढच्या आठवड्यात अंगणवाडीच्या ताई बाळाच्या वाढीचं कार्ड घेऊन आल्या. ओट्यावर रैजीबाई झोयाला मांडीवर घेऊन बसली होती, वनिता तांदूळ निवडत होती.

"बाळ सरकते का?" ताईंनी विचारलं.

"सरकते," मी म्हणालो. "पण मागे."

"चालते. काही बाळं आधी मागेच जातात. अनोळखी माणूस पाहून घाबरते का?"

मी उत्तर देण्याआधीच रैजीबाई म्हणाली, "पोरगी नाई घाबरत बाई. हा भाऊच घाबरते. नळावर मान वर करत नव्हता. पण आता सुधारून राह्यला हळूहळू."

ताईंनी कार्डावर लिहिलं, "प्रगती चांगली." कोणाची, ते मी विचारलं नाही.