इंजिन पारखताना

चैत्रातल्या सकाळी कडुलिंबाच्या फुलांचा कडवट-गोड गंध आणि जळक्या ऑइलचा दर्प एकाच वाऱ्यावर आले, की आजही मला ती सकाळ आठवते. जुन्या जालन्यात धान्याच्या आडती मागे पडल्या की एक अरुंद गल्ली आत वळते. तिच्या टोकाला रफीकचाचांचं जुन्या इंजिनांचं आवार आहे. लिंबाच्या सावलीत मांडून ठेवलेल्या त्या काळपट धुडांवर पांढरी फुलं निःशब्द गळत होती, आणि माझे वडील, आबा, प्रत्येकाला हात लावत सावकाश पुढे सरकत होते.

राजूर ते जालना या रस्त्यावर आबांनी उभी हयात प्रवासी जीप चालवली. चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाला येणारी गर्दी, माहेराहून परतणाऱ्या लेकुरवाळ्या, वरातीतले हट्टी जावई, सगळे त्यांच्या मागच्या बाकांवर बसून गेले. हिवाळ्यात जीपचं इंजिन जाम झालं आणि आबाही घरात बसले. रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीचा आवाज कान देऊन ऐकणारा तो माणूस आम्हाला बघवेना. मग जुनं का होईना, पण निरोगी इंजिन शोधायचं ठरलं. मी त्यांची एकुलती लेक, गावातच दिलेली. लहानपणापासून त्यांच्या हाताखाली पाने-पकडी देत देत मी गाडी खोलायला आणि चालवायलाही शिकले होते. तरी जीपची चावी मात्र त्यांच्याच खिशात असे.

"हे ऐका आबा," रफीकचाचा म्हणाले, "बिलकुल बराबर चालू राह्यलं. चालवूनच दाखवतो."

लोखंडी घोडीवर बसवलेल्या त्या इंजिनाला त्यांनी बॅटरी जोडली, समोरच्या रेडिएटरमध्ये काठोकाठ पाणी ओतलं आणि झाकण उघडंच ठेवून किल्ली फिरवली. आवार थरथरलं. आबांनी डोळे मिटले, डावा कान पुढे केला, आणि कित्येक महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर ती जुनी, ओळखीची चमक आली.

"आवाज तर लई गोड येऊन राह्यला. घेऊन टाकू, बाई."

आवाज खरोखरच गोड होता. पण माझी नजर पाण्यावर होती. तळातून एक बुडबुडा वर आला आणि फुटला. मला वाटलं, अडकलेली हवा असेल, निघून जाईल. मग दुसरा आला, तिसरा आला. इंजिनाचा वेग वाढवावा तसे ते दाटत गेले. आत जळणारा वायू पाण्यात शिरत होता. असं इंजिन दिसायला धडधाकट असतं, पण भर उन्हात, माणसांनी भरलेली जीप घेऊन, चढावर कधी दगा देईल याचा नेम नसतो.

ज्यांच्या कानावर सारा तालुका विसंबला, त्यांचा शब्द मी, त्यांची पोर, परक्या आवारात खाली पाडणार होते. गप्प राहावं असं क्षणभर खरंच वाटलं. मग त्या मागच्या बाकांवरची माणसं डोळ्यांपुढे आली.

"आबा, पाण्यात बुडबुडे येऊन राह्यले."

ते पुढे झाले, रेडिएटरवर वाकले, अगदी नाक पाण्याला लागेल इतके वाकले. बुडबुडे त्यांच्या डोळ्यांसमोर फुटत होते.

"कुठं?" त्यांनी विचारलं.

रफीकचाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि इंजिन बंद केलं. एकाएकी इतकी शांतता झाली की आडतीतल्या हमालांच्या हाका स्पष्ट ऐकू आल्या. साखरेच्या आजाराने आबांची नजर कधी आणि किती नेली, हे आम्हा कुणालाच कळलं नव्हतं. त्यांना मात्र ठाऊक असणार. कदाचित हिवाळ्यापूर्वी, ती जीप रस्त्यावर असतानाच ठाऊक झालं असेल, या विचाराने त्या उन्हातही माझ्या अंगावर काटा आला.

आबा तसेच वाकून राहिले. मग सरळ झाले, पंच्याने तोंड पुसलं.

"रफीक, हे न्हाई जमायचं. दुसरं दाखव," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "मला न्हाई. हिला दाखव. गाडी आता हीच चालवणार हाये."

त्या शब्दांची वाट मी वर्षानुवर्षं पाहिली होती. ते कानी पडले तेव्हा मात्र मला ते परत करावेसे वाटले. पण चाचा पुढच्या इंजिनापाशी उभे होते, आणि मी ऑइलचं झाकण उघडायला खाली वाकले.

ते दुसरं इंजिन निर्मळ निघालं. आता जीप मी चालवते. आबा हट्टाने शेजारी बसतात. चढावर गिअर बदलायला मला उशीर झाला तर ते बोलत नाहीत, फक्त श्वास रोखून धरतात. आणि गिअर पडला की त्यांनी सोडलेला तो श्वास मला इंजिनाच्या आवाजातूनही ऐकू येतो.