हात पुण्याला जातात

शैलाताई दुसऱ्याच्या गाडीत बसल्या की दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसायच्या. थंडीमुळे असेल असं मला आधी वाटलं, पण भर जुलैतही तेच. एकदा विचारलंच, तर म्हणाल्या, "शेजारच्याने वरची दांडी घट्ट धरली की चालवणाऱ्याला वाटतं, आता काहीतरी होणार. आणि मग होतंच." स्वतः मात्र त्या गाडी चालवायच्या नाहीत. लायसन्स होतं, ते पाकिटातच राहायचं.

जर्मनीत ब्योब्लिंगेनला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. गेल्या वर्षी निवृत्त होऊन त्या पुण्याला परत गेल्या, तोवर त्याच माझं इथलं माहेर. सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम करायच्या. यजमान बऱ्याच वर्षांपूर्वी इथेच अपघातात गेले, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. कुणी खोदून विचारलं नाही आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही.

मी मुळात भित्री भागूबाई. पालीला भिते, विमानाला भिते, सरकारी कचेरीचं जर्मन पत्र उघडायलाही भिते. त्यामुळे शैलाताई घरात असल्या की मला बरं वाटायचं. एका दिवाळीत चकल्या तळताना आमच्या कढईतल्या तेलाने पेट घेतला. छताचा अलार्म किंचाळू लागला, माझा नवरा संदीप पातेलंभर पाणी घेऊन धावला. शैलाताईंनी त्याच्या मनगटावर नुसता हात ठेवला. "संदीप, पाणी खाली ठेव. मला मोठं झाकण दे." झाकण बसलं, शेगडी बंद झाली, जाळ आतल्या आत विझला. मग मला रडू फुटलं, तेव्हा त्यांनी चहाचं आधण ठेवलं. "गेनाऊ, अगदी बरोबर, आता घाबर," म्हणाल्या. "घाबरायचं ते नेहमी मागाहून, चहाबरोबर."

मला इथलं लायसन्स तिसऱ्या खेपेला मिळालं. ऑटोबानवर, इथल्या महामार्गावर, जायचं तर शैलाताई शेजारी हव्यातच. पुण्यात मी कॉलेजपासून स्कूटर चालवलेली. तिथे भीती वाटली की माणूस डावीकडे, रस्त्याच्या कडेला सरकतो. इथे वाहतूक उजवीकडून, आणि डावा पदर, म्हणजे लेन, सगळ्यात वेगाचा. डोक्याला ते कळायचं, पण एखादा ट्रक भोंगा वाजवत जवळ आला की माझं स्टिअरिंग आपोआप डावीकडे वळायचं. शैलाताई शांतपणे म्हणायच्या, "हात पुण्याला गेले तुझे. परत आण."

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझा समोरून आला.

नोव्हेंबरातली दुपार. उल्मला मराठी मंडळाचा कार्यक्रम आटोपून आम्ही परत येत होतो. शेजारी शैलाताई, मागे माझी सात वर्षांची ईरा. धुकं इतकं की पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत होते. मी मधल्या पदरात होते. अचानक गाणं तुटलं आणि रेडिओवरची बाई घाईघाईने काहीतरी सांगू लागली. मला नीटसं कळलं नाही. ईराला कळलं. "ममा, गाइस्टरफारर," ती म्हणाली. उलट दिशेने येणाऱ्या गाडीला इथे तसं म्हणतात. आणि बाईने घेतलेलं नाव आम्ही होतो त्याच रस्त्याचं होतं.

पोरगी मागे आहे, एवढंच डोक्यात. आणि गाडी डावीकडे सरकायला लागली. मला समजतही नव्हतं की मी सरकवतेय.

"हात पुण्याला गेले," शैलाताई म्हणाल्या. आवाज भाजी निवडतानाचा. "तो त्याची उजवी बाजू धरून येणार, म्हणजे आपल्या डाव्या पदरात. आपण उजवीकडे जायचं. आरसा बघ. पांढरा ट्रक जाऊ दे. आता ये त्याच्या मागे. पाय हळूहळू उचल, ब्रेक दाबू नकोस."

मी ट्रकच्या मागे आले. त्या सांगत होत्या तेवढंच करत होते, माझं असं काही उरलंच नव्हतं. आणि डाव्या पदरात, धुक्यातून, दोन पांढरे दिवे आमच्याकडे तोंड करून आले. आवाजाचा एक फटका बसला, आमची गाडी थरथरली, आणि ते मागे गेले. काही क्षणांपूर्वी मी तिथेच निघाले होते.

पुढच्या पार्किंगला गाडी लावली. ईरा मागून मला दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली होती. भीती ओसरल्यावर मला संताप आला. "कोण मूर्ख माणूस! जीव घेतला असता आमचा."

"मूर्ख नसेल गं," शैलाताई म्हणाल्या. "आपल्यापेक्षा जास्त तोच घाबरला असेल."

तेवढ्यात रेडिओवरची बाई परत बोलली. ईराने ऐकून सांगितलं, ती गाडी कडेला थांबली, कुणाला काही झालं नाही.

"थांबला," शैलाताई म्हणाल्या, आणि ओक्साबोक्शी रडू लागल्या. मी त्यांना कधीच रडताना पाहिलं नव्हतं. मी त्यांचा खांदा धरला.

मग त्या बोलल्या. "आमचे हे असेच गेले. इथे येऊन महिनाही झाला नव्हता. सकाळी ऑटोबानवरच्या एका पार्किंगमधून बाहेर पडताना पुण्याच्या सवयीने डावीकडच्या रस्त्याला लागले, उलट्या दिशेने. मला फोन केला, 'शैला, सगळ्या गाड्या माझ्या अंगावर येतायत.' कडेला थांबा, गाडी सोडून कठड्यापलीकडे जा, एवढंच सांगायचं होतं. मी किंचाळले. वळवा, अहो, गाडी वळवा."

त्यांनी डोळे पुसले.

"एरवी माझं एक ऐकायचे नाहीत. त्या दिवशी ऐकलं."