राजा नसलेले दिवस

लातुरात स्पर्धा परीक्षांच्या क्लासमध्ये मी इतिहास शिकवते. दोन राजांच्या मधल्या रिकाम्या काळाला इंग्रजीत 'इंटररेग्नम' म्हणतात. शब्द लॅटिनचा. 'इंटर' म्हणजे मध्ये, 'रेग्नम' म्हणजे राज्य. जुन्या रोममध्ये राजा वारला की नवा ठरेपर्यंत वडीलधारी मंडळी पाळीपाळीनं कारभार बघत, तिथून तो आला. आपल्याकडचा जवळचा शब्द 'अराजक'. फोड केली तर राजा नाही, एवढंच. पण आपण त्यात लुटालूट आणि डोकीफोडी भरून ठेवली. मीही वर्षानुवर्षं तेच ठासून शिकवलं, कारण माणसांवर माझा मुळातच विश्वास कमी.

यंदाच्या हिवाळ्यात उदगीरकडच्या आमच्या गावातल्या मठाचे महाराज लिंगैक्य झाले. पुढचे महाराज ठरायला अवकाश होता. गादी रिकामी, आणि गादीपाशी आमच्या सामाईक विहिरीच्या मोटारीची किल्ली.

विहीर माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची, आणि चुलतकाकांची. पाण्यावरून दोघांची मजल एकदा काठ्यांपर्यंत गेली, तेव्हा महाराजांनी किल्लीच मठात ठेवून घेतली. कोणाचं पीक जास्त सुकलंय ते ऐकून ते पाळी तोंडी सांगायचे. भाऊ एकमेकांशी बोलत नसत, पण महाराजांचा शब्द दोघंही मोडत नसत.

शेवटची पाळी कोणाला दिली, हे एकट्या काकांनी ऐकलं होतं. अण्णांचा हरभरा घाटे भरायच्या बेताला आलेला आणि जमिनीला भेगा. आता पाणी चुकलं की घाटे पोचट, वर्षाची मेहनत मातीत. काकांचं रानही तसंच तहानलेलं. मी सुट्टी काढून गेले ती भांडण सोडवायलाच.

"त्यो कशाला खरं सांगंल?" अण्णा वाटेत म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

मठात काका आमच्या आधीच आले होते. गादीवर महाराजांच्या पादुका आणि शेजारी किल्ली. काका वाकले, पाया पडले आणि किल्ली उचलली. अण्णा पुढे सरसावले, तसा मी त्यांचा हात घट्ट धरला. काका वळले आणि त्यांनी किल्ली अण्णांपुढे धरली.

"पाळी तुझी हाय. महाराजांनी मला सांगितलं व्हतं."

साक्षीदार नव्हता, जाब विचारणारं कोणी नव्हतं. खोटं बोलले असते तरी सहज पचलं असतं. ज्या काळाला मी जन्मभर नावं ठेवली तो असा समोर उभा होता, आणि मला हात जोडावेसे वाटले.

अण्णांनी मोटार सुरू केली. पाणी अर्ध्या रानात पोचलं आणि त्यांनी ती बंद केली.

"अण्णा, आजून आर्धं रान कोरडं हाय की!" मी ओरडलेच.

ते मठाकडे निघाले, मी मागोमाग. किल्ली त्यांनी पादुकांशेजारी ठेवली आणि रिकाम्या गादीला म्हणाले, "महाराज, माझं आर्धं भिजलं. आता त्याला द्या."