मामाचे सहा, आईचे बारा

माझ्या मामाला आयुष्यात एकच व्यसन आहे, ते म्हणजे बरोबर असणं. चाळीस वर्षं तो गाड्यांचं वायरिंग करतो आहे आणि एवढ्या काळात त्याचं काही चुकल्याचं निदान त्याच्या तरी कानावर आलेलं नाही. बिघाड सापडला की तो टेस्ट लॅम्प गळ्यात अडकवतो आणि शांतपणे विचारतो, "मी म्हटलं नव्हतं?" गिऱ्हाईक बिचारं पहिल्यांदाच दुकानाची पायरी चढलेलं असतं. पण मान हलवल्याशिवाय गाडी परत मिळत नाही. बाजारात त्याला सगळे 'म्हटलं-नव्हतं' म्हणूनच ओळखतात. हे त्याला ठाऊक आहे, आणि ही पदवी आहे असा त्याचा समज आहे.

आईचा हात मोडला तेव्हा मामा दवाखान्यात आला. सख्खी धाकटी बहीण कोपरापर्यंत प्लास्टर घालून पडलेली. त्याने आधी खाटेवरचा लुकलुकणारा दिवा दोनदा बंद-चालू करून पाहिला, मग तिच्याकडे वळून म्हणाला, "ट्रॅक्टरला हँडल मारताना अंगठा मुठीबाहेर ठेवायचा असतो. उलटा झटका बसला तर हात सुटतो. मी म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस, दादा," आई म्हणाली. "पण आता हँडलच नको. बटण दाबल्यावर सुरू होत असेल तर ट्रॅक्टर ठेवते. नाहीतर तो विकते आणि जमीन देते कुणाला तरी कसायला."

ती चेष्टा करत नव्हती. बाबा गेल्यापासून वीस वर्षं तो ट्रॅक्टर ती एकटीच चालवत होती. तिच्याच वयाचा, सहा व्होल्टचा, पुढे दोन मिणमिणते दिवे. त्या लोखंडी बैठकीवर बसली की ती कुणाचं ऐकत नसे. तिथून तिला उतरवायचं म्हणजे तिला घरात बसवायचं, आणि घरात ती चार दिवससुद्धा टिकली नसती.

बरं, या ट्रॅक्टरची सुधारणा मीच केली होती. मी कचेरीत फायली हलवतो, त्यामुळे यंत्रांतलं मला अर्थातच सगळं कळतं. सुट्टी टाकून मी तो ट्रॅक्टर घासला आणि लालभडक रंगवला. दोन हात मारले. नटबोल्टसुद्धा सोडले नाहीत. सगळ्यांनी कौतुक केलं. ट्रॅक्टर मात्र त्या दिवसापासून रुसला. बटण दाबलं की सेल्फ नुसता कण्हायचा. मी मोबाईलवर अर्धा तास अभ्यास केला आणि निकाल दिला, की सहा व्होल्टचा जमाना गेला, आता बाराच हवेत. आईनेही 'बाराच हवेत' म्हणून माझी री ओढली.

मामा तेव्हाच म्हणाला होता, "बॅटरीची पट्टी जिथे बॉडीला बसते तिथे तू रंग फासलायस. करंट जाणार कुठून? कानस आण."

नव्या कोऱ्या रंगाला कानस? मी त्याला ट्रॅक्टरजवळ फिरकू दिलं नाही. म्हातारा सहा व्होल्टला चिकटून बसलाय, असं मीच चारचौघांत सांगत सुटलो. बाराचं सामान आणतो आणतो म्हणत मी दिवस काढले, आणि पुढचे दोन महिने आई रोज सकाळी हँडल मारत राहिली.

प्लास्टर निघाल्यावर मी बाराची बॅटरी, अल्टरनेटर, कॉइल, दिवे, सगळं आणून शेडमध्ये ठेवलं. रविवारी सकाळी मामा पिशवी घेऊन आला. आम्हाला त्याने बाहेर काढलं. "काम करताना डोक्यावर शहाणे उभे नकोत," एवढंच बोलला.

तासाभराने मी चहा घेऊन निघालो, तर शेडमधून इंजिनाचा आवाज आला. एका दमात सुरू झालेला, साफ आवाज. जिंकलो, म्हटलं. म्हाताऱ्याला कबूल करायला लावायचं या आनंदात मी आत शिरलो.

बाराची बॅटरी खोक्यातच होती. खोक्यावरची चिकटपट्टीही काढलेली नव्हती. ट्रॅक्टरवर जुनी सहाचीच बॅटरी बसलेली, आणि तिच्या पट्टीखाली माझ्या लाल रंगात बटणाएवढी जागा घासून चकचकीत केलेली.

मामाने इंजिन बंद केलं. मी चहा धरून उभा राहिलो. आता तो म्हणणार, आणि म्हणायचा त्याला पूर्ण हक्क होता. त्याच्या चाळीस वर्षांत इतकी हुकमी संधी आली नसेल. आईचा हात कशामुळे मोडला ते माझ्या ध्यानात आलं होतं.

"ते खोकं इकडे सरकव," मामा म्हणाला.

"पण मामा, सहावर चालतोय की."

"चालतोय. मी आहे तोवर चालेल. या सहाला हात लावणारा माझ्यानंतर कोण आहे? नंतर तिने पुन्हा हँडल मारायचं का?" त्याने जुन्या बॅटरीची पट्टी सोडायला घेतली. "आणि सहा चालतात हे तिला सांगितलं, तर इतके दिवस का चालत नव्हते तेही सांगावं लागेल. सांगू?"

नको म्हणून मी मान हलवली. त्याच्या गिऱ्हाइकांसारखीच.

जुन्या ट्रॅक्टरमध्ये बॅटरीची पॉझिटिव्ह बाजू बॉडीला जोडलेली असते, नव्या अल्टरनेटरला निगेटिव्ह लागते. मामाने जोडणी उलटी केली, डायनामो काढून अल्टरनेटर चढवला, कॉइल बदलली, दिवे बदलले. चार तासांत त्याने एकदाही 'मी म्हटलं नव्हतं?' विचारलं नाही. मामा आजारी आहे की काय, असं आईला वाटलं.

मग ती बैठकीवर चढली. जपून, मोडलेला हात पोटाशी धरून, तिने बटण दाबलं. इंजिन असं काही भरकन उठलं की ती दचकली आणि मग लहान मुलीसारखी हसली.

"दादा," ती वरूनच म्हणाली, "बाराच हवे होते. मी म्हटलं नव्हतं?"

मामाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"म्हटलं होतंस," तो म्हणाला, आणि कानस फडक्याने पुसून पिशवीत टाकली.